गिअरबॉक्स उघडण्याआधी टीसीएम तपासा

ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरमध्ये अडकली किंवा झटके देऊ लागली, की गॅरेजवाला थेट गिअरबॉक्सवर येतो. जरा थांबवा त्याला. दोष टीसीएमचा, म्हणजे गिअर बदलणं सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा (ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल) असू शकतो. आधी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावायला सांगा. पी०७०० हा कोड आला तर तो फक्त 'ट्रान्समिशनमध्ये काहीतरी बिघडलंय' एवढंच सांगतो. खरा कोड टीसीएममध्ये असतो आणि स्वस्तातले स्कॅनर तिथवर पोचतातच असं नाही. यू०१०१ म्हणजे टीसीएमशी संपर्कच तुटलाय. अशा वेळी आधी फ्यूज, अर्थिंग आणि वायरिंग बघा.

टीसीएमची जागा ठरलेली नसते: कुठे बॅटरीजवळ, कुठे डॅशबोर्डखाली, तर काही गाड्यांत चक्क गिअरबॉक्सच्या आत. सर्व्हिस मॅन्युअल बघा, अंदाजाने पॅनल उचकटू नका.

बॅटरी मात्र सगळ्यात आधी मोजा. गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट हवेत. कमजोर बॅटरीनेही टीसीएम वेड्यासारखं वागतं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून टीसीएमचा कनेक्टर सोडवा. पिनांवर हिरवट थर दिसला तर पाणी शिरलंय. पावसाळ्यानंतर हे हमखास दिसतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या. नवं टीसीएम टाकायचंच ठरलं, तर बहुतेक गाड्यांत प्रोग्रॅमिंग लागतं. त्याचा खर्च आधीच विचारून घ्या.