जुन्या बॅचची खबरबात एकत्र कशी करावी

कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर दिवसभर मेसेज पडत असतात. तरीही कोण निवृत्त झालं, कोण मुलीकडे राहायला गेलं, कुणी नोकरी सोडून भलतंच काही सुरू केलं, हे विचारलं तर धड कुणालाच सांगता येत नाही. खरी बातमी फॉरवर्डच्या ढिगाऱ्याखाली जाते. म्हणून वर्षातून एकदा प्रत्येकाकडून थोडा मजकूर मागवून छोटं वार्तापत्र काढावं. हार्वर्डच्या बॅचेस दर ५ वर्षांनी चक्क पुस्तक काढतात आणि त्यात ज्याने त्याने स्वतःबद्दल लिहायचं असतं. आपल्याला एवढा घाट घालायची गरज नाही, सोळा पानं पुरतात.

आधी यादी करा. स्प्रेडशीटमध्ये पहिला रकाना कॉलेजातल्या नावाचा ठेवा, दुसरा आताच्या नावाचा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणी याच कारणाने यादीतून गळतात. जे सापडत नाहीत त्यांच्यासाठी त्यांचे रूममेट आणि प्रॅक्टिकलचे जोडीदार गाठा. नंबर मिळवण्याऐवजी आपला नंबर त्यांच्यापर्यंत पोचवायला सांगा. कुणाला मुद्दाम दूर राहायचं असेल, तर तो त्याचा हक्क आहे.

मग प्रश्न ठरवा. सगळं यश-अपयश इथेच ठरतं. ‘स्वतःबद्दल थोडं लिहा’ असं म्हटलं की काहीजण बायोडेटा पाठवतात आणि बाकीचे गप्प बसतात. गप्प बसणाऱ्यांना रस नसतो असं नाही. नोकरी मध्येच सुटलेली असते, संसार मोडलेला असतो, किंवा ‘आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे?’ असं वाटत असतं. पहिल्या चार बायोडेटांत ‘व्हाइस प्रेसिडेंट’ दिसला की पाचवा हात आखडतो. तेव्हा पद नसलेल्यालाही उत्तर देता येईल असे प्रश्न हवेत:

- सकाळी दहा वाजता हल्ली तुम्ही काय करत असता?
- गेल्या वर्षात आयुष्यात पहिल्यांदाच काय केलंत?
- कुठल्या प्रवासात बेत पार फसला?
- घरी सध्या कोण कोण असतं?

शेवटचा प्रश्न मुद्दाम असा आहे. ‘मुलं काय करतात?’ असं विचारलं की मुलं नसलेले आणि मुलांशी बिनसलेले दोघेही अडचणीत येतात. निवृत्तांना कुठल्या हुद्द्यावरून निवृत्त झालात हे विचारू नका. पहिले सहा महिने कसे गेले हे विचारा. उत्तरं जास्त खरी येतात, बऱ्याचदा मजेदारही.

कॉलेजच्या आठवणींवर मात्र एकच प्रश्न ठेवा, तोही अगदी शेवटी. चाळिशी ओलांडलेल्यांना साधारण १० ते ३० या वयातलं सर्वांत जास्त आठवतं, असं मानसशास्त्रज्ञांना वारंवार दिसलं आहे. त्यामुळे सुरुवातीलाच होस्टेलचा विषय काढलात, तर सगळे होस्टेलवरच लिहितील आणि ताजी खबर राहून जाईल.

मजकूर एकेकाकडे मागा. ग्रुपवर केलेलं आवाहन सगळे वाचतात आणि सगळेच दुसऱ्यावर सोपवतात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टचाही भरवसा नको, कारण ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो पोचतो. दुरावलेल्यांकडे नेमका तो नसतो. नाव घेऊन मेसेज करा, दीडशे शब्दांची मर्यादा सांगा, तीन आठवड्यांची मुदत द्या. टाइप करायचा कंटाळा असलेल्यांकडून व्हॉइस मेसेज घ्या, लिहून काढा आणि परत वाचून दाखवा. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ते आकसून येतात आणि छापल्यावर धुरकट दिसतात. मुदतीनंतर एक आठवण, मग एक फोन. त्यानंतरही नाही म्हणाले, तर विषय सोडा.

संपादन करताना कात्री जपून चालवा. क्रम कॉलेजातल्या नावाच्या अकारविल्हे लावा. हुद्द्याप्रमाणे लावायचा मोह झालाच, तर कुणाच्या बाजूने वाद घालावा लागेल याचा विचार करा. पुरस्कारांच्या याद्या बिनधास्त छाटा, पण बोलण्याची ढब राहू द्या. आजारपण, घटस्फोट, मुलांच्या अडचणी यातलं काहीही त्या व्यक्तीला अंतिम मजकूर दाखवून, लेखी होकार घेतल्यावरच छापा. एकाने दुसऱ्याबद्दल कळवलेली बातमी तर मुळीच थेट घेऊ नका. घरचा पत्ता नको. प्रवासाचं वर्णन परतल्यानंतरचं घ्या. घर कधी बंद असणार हे छापून वाटायचं कशाला?

गेलेल्या मित्रमैत्रिणींसाठी वेगळं पान ठेवा. आधी घरच्यांशी बोला आणि तारीख त्यांच्याकडूनच घ्या. अशा बाबतीत ग्रुपवरची माहिती चुकीची निघाली, तर ती चूक निस्तरता येत नाही.

शेवटी छपाई आणि जतन. मधोमध पिना मारायच्या असतील, तर पानांची संख्या ४ च्या पटीत हवी. अक्षर १४ पॉइंटचं ठेवा, वाचणाऱ्यांची वयं लक्षात घ्या. बाकीच्यांना पीडीएफ पाठवा. ईमेल करताना सगळ्यांचे पत्ते बीसीसीत टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. मूळ फाइल एकाच्याच गूगल खात्यात ठेवू नका. २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल आतल्या मजकुरासकट पुसून टाकू शकतं. तिघांकडे प्रती असू द्या आणि यादीची स्प्रेडशीट पुढच्या वर्षीच्या संपादकाकडे अंक वाटला त्याच आठवड्यात सोपवा. नंतर त्याला पकडणं कठीण जातं.