सर्व्हरचे अलर्ट मेल: या चुका टाळा

जळगावची डाळमिल असो, धुळ्याची पतसंस्था असो की शहाद्याची जिनिंग, सर्व्हर बसवणारा जाता जाता अलर्ट मेल चालू करून देतो. दोन महिन्यांनी इनबॉक्स बघा, न वाचलेल्या मेलचा ढीग साचलेला असतो. सर्व्हरवरच्या घडामोडींच्या प्रत्येक नोंदीला मेल लावून ठेवला की दुसरं काय होणार?

अशा नोंदी ठेवणाऱ्या सिसलॉगमध्ये गांभीर्याच्या ० ते ७ अशा पातळ्या आहेत, ० सर्वांत गंभीर. ० ते ३ ला लगेच मेल आणि बाकीच्यांचा दिवसातून एक गोषवारा, ही सुरुवात चांगली. पण नुसत्या पातळीवर विसंबाल तर फसाल. एसएसएचला, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीला, चुकीचा पासवर्ड दिला की ती नोंद सहसा ६ वर, म्हणजे साध्या माहितीत पडते. विंडोजची ४६२५ क्रमांकाची नोंद, म्हणजे फसलेलं लॉगिन, तीही ‘इन्फॉर्मेशन’च. अशांसाठी वेगळा नियम हवा आणि त्याला मर्यादाही हवी. जेवून आलेल्या कॅशियरचा पासवर्ड एकदा चुकला तर मेल कशाला? पाच मिनिटांत वीसदा चुकला तर मात्र हवाच. अकाउंट लॉक झाल्याची ४७४० ही नोंद तर कधीच सोडू नका.

डिस्क भरली की एकच एरर सेकंदासेकंदाला येते. आरसिसलॉग या लिनक्सवरच्या सिसलॉग प्रोग्राममध्ये ‘इतक्या वेळात एकदाच’ असं बंधन घालता येतं. ते घातलं नाही तर मेल पुरवणाराच तुमचं खातं अडवतो.

मेल अचानक बंद पडले? जीमेलचं खातं असेल तर आधी पासवर्ड बघा. ३० मे २०२२ पासून नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला लॉगिन मिळत नाही. टू-स्टेप, म्हणजे दोन टप्प्यांचं लॉगिन, चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. मेल पाठवायचा पोर्ट २५ बऱ्याच ठिकाणी अडवलेला असतो, ५८७ वापरा. कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोज टास्क शेड्युलरमधला ‘मेल पाठवा’ हा पर्याय मायक्रोसॉफ्टने सर्व्हर २०१२ पासूनच मोडीत काढलाय. जुन्या ब्लॉगवरून तो उचलू नका, टास्कमधून स्क्रिप्ट चालवा.

आपल्याकडची खरी गोम विजेची. सर्व्हर यूपीएसवर आणि राउटर थेट भिंतीच्या प्लगवर, हे हमखास दिसतं. लाईट गेली की नेट गेलं, मग मेल जाणार कुठून? राउटरही यूपीएसवर घ्या. मे महिन्यात भुसावळकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा एसी बंद पडलेल्या खोलीतलं मशीन तापून एकदम बंद होतं आणि मेलेलं मशीन मेल करत नाही. ‘अचानक बंद पडलं होतं’ ही ६००८ ची नोंद ते पुन्हा चालू झाल्यावरच येते. म्हणून दुसऱ्या जागेवरच्या मशीनवरून पाच-पाच मिनिटांनी सर्व्हरची हजेरी घ्या.

चाचणीसाठी लिनक्सवर लॉगर, विंडोजवर इव्हेंटक्रिएट ही कमांड वापरून खोटी नोंद टाका. मेल आला नाही तर स्पॅम चाळा. मेलमधली वेळ साडेपाच तास मागे दिसली, तर सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे. आणि पत्ता एकट्याचा नको, ग्रुपचा ठेवा. नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या पोराच्या खात्यात अलर्ट जमा होत राहिलेले बऱ्याच ठिकाणी सापडतील.