बारावी गावात, पदवी दिल्लीत : सीयूईटीपासून प्रवेशापर्यंत

हिंदू कॉलेज, मिरांडा हाउस, रामजस ही दिल्ली विद्यापीठातल्या कॉलेजांची नावं गावच्या ज्युनियर कॉलेजात, त्यातही कला शाखेला, सहसा कोणी सांगत नाही. ती सांगायलाच हवीत. 2022 पासून दिल्ली विद्यापीठात पदवीचे बहुतेक नियमित प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. बारावी पास असावं लागतं, पण तिचे टक्के फार तर बरोबरी झाली तर बघतात. शिवाय परीक्षा मराठीतून देता येते. तरीही आपली हुशार मुलं मागे राहतात, कारण एक तर हातात पुस्तक वेगळं असतं, नाहीतर दाखला चुकीचा निघतो.

आधी विषय ठरवा. 2025 च्या नियमांनुसार जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. प्रत्येक पेपर 60 मिनिटांचा, 50 प्रश्नांचा. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकलं तर 1 गुण वजा. बी.ए. ऑनर्सच्या बहुतेक अभ्यासक्रमांना एक भाषा आणि तीन विषय लागतात. भाषा म्हणून मराठी चालते (इंग्रजी ऑनर्सला अर्थातच इंग्रजी हवी). बाकीचे विषय बारावीला आहेत तेच निवडा.

मग पुस्तकं, आणि ती बारावीच्या सुरुवातीलाच. सीयूईटी एनसीईआरटीच्या (केंद्राच्या शैक्षणिक संस्थेच्या) पुस्तकांवर बेतलेली असते. आपलं बालभारतीचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक युरोपातल्या प्रबोधनापासून सुरू होतं. एनसीईआरटीचं सुरू होतं हडप्पापासून आणि विजयनगर, मुघल, 1857, गांधीजी असं करत संविधानसभेपर्यंत येतं. बोर्डात नव्वद गुण मिळवणारा मुलगाही इथे गडबडतो, कारण त्याने ते धडे पाहिलेलेच नसतात. एनसीईआरटीच्या साइटवर ही पुस्तकं फुकट आहेत. मराठीत नाहीत; हिंदीतलं वाचा, शेजारी इंग्रजी उघडं ठेवा आणि प्रत्येक संज्ञेचा मराठी शब्द वहीत लिहीत जा. मराठी प्रश्नाचं भाषांतर कधी संदिग्ध वाटलं तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात, तेव्हा ही वही कामाला येते.

अर्जाच्या तारखा दरवर्षी मागेपुढे होतात, म्हणून डिसेंबरपासून एनटीएची (ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेची) साइट आठवड्याला एकदा बघा. अर्ज स्वतः भरा. नेट कॅफेत भरलात तरी मोबाइल नंबर, ईमेल आणि पासवर्ड तुमचाच असू द्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं निघतं. अर्जात नाव दहावीप्रमाणे लिहा आणि आधारची दुरुस्ती आधीच करून घ्या.

आता दाखले. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून नीट वाचा. दिल्ली विद्यापीठ केंद्रीय आहे, म्हणून ओबीसीसाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब सधन गटात मोडत नाही, असं सांगणारं) प्रमाणपत्र लागतं आणि ते त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचं हवं. सेतू केंद्रात नुसतं ‘नॉन-क्रिमीलेअर’ म्हणालात तर राज्याच्या नमुन्यातलं हातात पडेल. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही तपासा. भटक्या-विमुक्तांना केंद्रात वेगळा कोटा नाही. वंजारी, धनगर अशा जाती तिथे ओबीसीत येतात. मराठा समाजाचं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण फक्त राज्यापुरतं आहे. निकषांत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला काढा. त्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि शेतजमीन पाच एकरांपेक्षा कमी लागते. हे सगळं तहसील आणि प्रांत कार्यालयातून यायला वेळ जातो. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका, निकालाची वाट बघत बसू नका.

सीयूईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं समजू नका. दिल्ली विद्यापीठाच्या सीएसएएस या जागावाटपाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, आणि निकालानंतर कॉलेज व कोर्सचे पसंतीक्रम भरावे लागतात. चार नावं टाकून थांबू नका, जिथे शिकायला खरंच आवडेल असे शंभर पर्याय टाकले तरी चालतात. पहिल्या फेरीत मिळालेली जागा मुदतीत स्वीकारा, फी भरा आणि ‘अपग्रेड’ निवडा. वरची पसंती पुढच्या फेरीत मिळू शकते. जागा स्वीकारलीच नाहीत तर प्रक्रियेतून बाहेर पडाल. त्या दिवसांत घरी कोणीतरी रोज पोर्टल उघडायला हवं, आणि फीचे पैसे खात्यात आधीच असायला हवेत.

हॉस्टेल प्रवेशासोबत आपोआप मिळत नाही. ज्या कॉलेजात हॉस्टेल आहे तिथे वेगळा अर्ज असतो आणि जागा थोड्या असतात. प्रवेश पक्का झाला की त्याच दिवशी कॉलेजच्या साइटवर हॉस्टेलची सूचना शोधा.