क्लिप की कॉइल? सही करायच्या आधी

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालली होती. आई म्हणाली, "कुणी डोस्क्यात धोंडा घातला," आणि उलटी करून बांधावरच बसली. गावात पित्ताची गोळी मिळाली, त्यात अर्धा दिवस गेला. असं अचानक डोकं दुखलं तर थेट सीटी स्कॅन गाठा. तासगावहून मिरजेला नेलं, मेंदूभोवती रक्त दिसलं. रात्री डॉक्टरांनी विचारलं, "क्लिप का कॉइल?" मला ठिबकच्या नळ्यांतलं कळतं, मेंदूतलं काय कळणार!

पण थोडं तसंच आहे. धमनीला फुगा येऊन तो फुटलेला असतो. क्लिप म्हणजे कवटी उघडून फुग्याच्या मानेला बाहेरून चिमटा. कॉइल म्हणजे जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून फुग्यात प्लॅटिनमची तार भरायची.

"चांगलं कुठलं?" विचारू नका. विचारा, फुगा कुठं आहे आणि त्याची मान केवढी? मान अरुंद असेल तर तार आत बसते. रुंद असेल तर ती बाहेर सरकते, मग स्टेंट, म्हणजे धमनीत बसवायची जाळीची नळी, लागू शकतो आणि त्यापाठोपाठ रक्त पातळ करायच्या गोळ्या. नुकताच रक्तस्राव झालेल्याला त्या धोक्याच्या. मेंदूच्या तळाशी, मागच्या धमनीवर फुगा असेल तर बहुतेकदा कॉइल. कानशिलाच्या बाजूला असून रक्ताची मोठी गाठ साचली असेल तर क्लिपकडे कल, गाठही त्याच वेळी निघते.

२००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २१४३ रुग्णांचा अभ्यास आला. वर्षभरानं दगावलेले किंवा परावलंबी झालेले कॉइलमध्ये २३.७ टक्के, क्लिपमध्ये ३०.६. मात्र त्यात दोन्ही उपाय चालतील असेच रुग्ण होते, आणि कॉइलनंतर पुन्हा रक्तस्राव थोडा जास्त दिसला. म्हणून हेही विचारा, तुमच्याकडं यातलं नेहमी काय होतं? हात बसलेला असणं मोठं. पैशाचं दवाखान्यात सरकारी योजनेचा आरोग्यमित्र बसतो त्याला विचारा, पण त्यासाठी ताटकळू नका. पहिल्या दिवशी पुन्हा फुटायची भीती सगळ्यात जास्त.

आईचा फुगा पुढच्या धमनीवर, मान अरुंद. सकाळी कॉइल झाली. सुटलो वाटलं, तर सातव्या दिवशी ती बरळायला लागली. धमन्या आकसतात, क्लिप असो वा कॉइल. त्यासाठी निमोडिपिन, दर चार तासांनी, २१ दिवस. रात्री दोनची गोळी चुकवू नका.

सहा महिन्यांनी अँजिओची, म्हणजे धमन्या पुन्हा तपासायची, तारीख मिळाली, नेमकी खरड छाटणीत. आई म्हणते, "पुढं ढकल की." ढकलली नाही.