'टेस'वर उत्तर लिहायचंय? मग स्टोरी लिहू नका

टीवायला किंवा एमएला थॉमस हार्डीची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' ही कादंबरी लागलीये आणि निवेदनतंत्रावर (म्हणजे गोष्ट कोण आणि कशी सांगतो यावर) प्रश्न आला की आपण काय करतो, अख्खी गोष्ट ओतून मोकळे होतो, टेस बिचारी, ॲलेक हरामखोर, नवरा एंजल सोडून गेला, शेवटी टेसला फाशी. मी पण तेच केलेलं आणि पंधरातले पाच पडले, पुरवणी मागून घेतलेली ती वेगळीच.

गोष्टीसाठी पहिलं वाचन विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या केलंत तरी चालेल. दुसरं मात्र घरी बसून, पेन्सिल घेऊन, आणि या वेळी टेसकडे नाही, सांगणाऱ्याकडे बघायचं. हा निवेदक सर्वज्ञ आहे म्हणजे त्याला सगळ्यांच्या मनातलं कळतं, टेसच्या पूर्वजांची, म्हणजे डर्बरव्हिल घराण्याची शेकडो वर्षांपूर्वीची थडगी पण माहीत, आणि एवढं सगळं माहीत असलेला माणूस नेमक्या मोठ्या प्रसंगाला गप्प बसतो. ॲलेक टेसचा गैरफायदा घेतो ती चेज जंगलातली रात्र घ्या, निवेदक टेसचा रक्षक देवदूत कुठे होता असं विचारतो आणि भाग संपवतो, पुढच्या भागाचं नाव थेट 'मेडन नो मोअर'. लग्नाच्या रात्री टेस एंजलला ॲलेकबद्दल सगळं सांगायला लागते आणि चॅप्टर तिथेच संपतो, पुढचा उघडतो तेव्हा तिचं सांगून झालेलं असतं, म्हणजे तिची कहाणी तिच्या तोंडून आपल्याला मिळतच नाही. टेस ॲलेकचा खून करते तोही दिसत नाही, घरमालकिणीला छतावर पसरत जाणारा लाल डाग दिसतो. फाशीही दिसत नाही, लांबून काळा झेंडा वर चढताना दिसतो. चारही ठिकाणी समासात लिहा, काय लपवलं आणि त्याऐवजी काय दाखवलं. अर्धं उत्तर इथेच तयार होतं.

कोणीतरी म्हणेलच की त्या काळी असलं छापता येत नव्हतं म्हणून गप्प बसला. थोडं खरंय, १८९१ मध्ये 'द ग्राफिक' साप्ताहिकात ही क्रमशः आली तेव्हा हार्डीला बरंच बदलावं लागलं, एंजल गवळणींना उचलून पाणी ओलांडून देतो तिथे चक्क ढकलगाडी आणावी लागली (हे वाचून मी ट्रेनमध्ये एकटाच हसलेलो). पण पुस्तक करताना त्याने बराच मजकूर परत घातला तरी ही चार ठिकाणं झाकलेलीच राहिली, मग नुसती सेन्सॉरशिप म्हणून कसं चालेल?

लाल रंग सगळेच लिहितात, रिबन, स्ट्रॉबेरी, घोड्याचं रक्त. लिहा, पण दोन ओळीत आटपा. जागांवर जास्त वेळ द्या, टेस आधी काम करते ती टॉलबोथेजची डेअरी म्हणजे पावसाळ्यातलं कर्जत, सगळं ओलं, हिरवं, दूधच दूध, आणि एंजल सोडून गेल्यावर ती राबते ते फ्लिंटकोम-ॲश म्हणजे गारठा, दगडाळ रान आणि कंद खणून हात फुटलेले. टेसच्या मनात काय चाललंय हे बऱ्याचदा जमीनच सांगते.

आणि प्लीज, टेसने लग्नाआधी एंजलला सगळं लिहून दाराखालून सरकवलेली चिठ्ठी कार्पेटखाली गेली म्हणून सगळं बिघडलं असं लिहू नका, हे सगळ्यात जास्त चुकतं. ती चिठ्ठी टेसला लग्नाच्या सकाळीच सापडते. ती नष्ट करते, तरी तोंडी सांगायला जाते आणि एंजलच म्हणतो आज नको, नंतर. नुसता योगायोग असता तर हार्डीने चिठ्ठी परत सापडूच दिली नसती ना.

निवेदक तटस्थ आहे असंही म्हणू नका, शीर्षकपानावरच 'अ प्युअर वुमन' लिहून हार्डीने बाजू घेतलीये.

परीक्षा उद्यावर आली असेल तर ११, ३४, ३५, ५६ आणि ५९ एवढे चॅप्टर करा, एका रात्रीत होतात. फक्त ३४ संपला की चहाला उठू नका, ३५ चं पहिलं वाक्य वाचूनच उठा.