खाडीवरचा काँक्रीटचा पूल कसा तपासावा

पुलाची तपासणी रस्त्यावर सुरू होऊन रस्त्यावरच संपली, तर ती न केल्यासारखीच आहे. डांबरातला खड्डा सगळ्यांना दिसतो, त्याची तक्रारही होते. पण काँक्रीटचा पूल खराब होतो तो खालून, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा खाऱ्या पाण्यामुळे. 1973 साली सुरू झालेल्या पहिल्या वाशी पुलाच्या प्रीस्ट्रेस्ड गर्डरना (आतल्या पोलादी केबल ताणून दाब दिलेल्या, रस्ता पेलणाऱ्या आडव्या तुळयांना) गंजाने लवकरच ग्रासलं आणि 1997 मध्ये शेजारी दुसरा पूल उभा राहिला. तेव्हा वाशी, ऐरोली, कळवा, कशेळी, कुठलाही पूल असो, प्रत्येक भागापाशी थांबून आधी एकच शोधायचं: इथे पाणी येतं कुठून आणि जातं कुठे.

दिवस आणि वेळ

वर्षातून दोनदा जा. एप्रिल-मेमध्ये गेलात तर सापडलेलं काम पावसाआधी उरकता येतं. ऑक्टोबरात गेलात तर गळतीचे डाग अजून ताजे असतात. तारीख धरताना भरती-ओहोटीचं कोष्टक समोर हवं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात खाली उतरतं, पण मुंबईच्या किनाऱ्यावर ती ओहोटी सकाळी सहा-सातच्या सुमाराला येते आणि खाडीच्या आतल्या टोकाला त्याहून थोडी उशिरा. पाइल (तळात रोवलेले खांब) आणि पाइल कॅप (त्यांच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा) बघायची वेळ हीच. होडीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. अष्टमीच्या भांगाला (कमी चढ-उताराच्या भरतीला) ओहोटी दुपारी मिळते, मात्र पाणी फारसं उतरत नाही. ते दिवस गर्डर आणि बेअरिंगसाठी (गर्डर ज्यावर टेकतो त्या बैठकीसाठी) ठेवा.

सोबत 500 ग्रॅमची हातोडी, भेगमापक पट्टी, टॉर्च, वायर ब्रश, खडू, टेप आणि थर्मामीटर. उंचीवर हार्नेस, पाण्यावर लाइफ जॅकेट, यात तडजोड नाही. दुर्बीण असू द्या, पण तिच्या भरवशावर राहू नका: 0.2 मिमीची भेग हात पोचेल इतक्या अंतरावरूनच दिसते. त्यासाठी पुलावरून खाली बकेट सोडणारी तपासणीची गाडी लागते आणि एक लेन बंद करायला वाहतूक पोलिसांची परवानगी. ही व्यवस्था आधी झाली नाही, तर बाकीची सगळी तयारी वाया जाते.

वरची बाजू

इथे फार वेळ घालवायचा नाही. पाणी जायचे स्पाउट उघडे आहेत का ते बघा, आणि त्यांचं पाणी गर्डरवर न पडता खाली सुटं पडतंय का तेही. क्रॅश बॅरिअरची (कडेच्या कठड्याची) उंची मोजा. ती मूळ नकाशापेक्षा कमी भरली, तर डांबराचे थर एकावर एक चढलेत असं समजा. हिशेब करून बघा: 30 मीटरच्या स्पॅनवर (दोन टेकूंमधल्या भागावर), 7.5 मीटर रुंदीत, 50 मिमीचा एकच जादा थर म्हणजे साधारण 26 टन कायमचं ओझं. जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नये, ते यासाठी.

जॉइंटच्या खाली

तपासणीचा निम्मा वेळ इथे द्या. एक्स्पान्शन जॉइंटच्या (उष्णतेने लांबायला दोन स्पॅनमध्ये ठेवलेल्या) फटीत खडी आणि माती बसते, रबराची पट्टी फाटते, आणि पावसाचं पाणी सरळ पिअर कॅपवर (पुलाच्या खांबाच्या माथ्यावर) उतरतं. तिथे चिखल साचतो, त्यात पिंपळ उगवतो. रोप नुसतं छाटून उपयोग नाही; मूळ काँक्रीटमध्ये राहिलं की पुढच्या पावसात पुन्हा फुटतं. मूळ काढून भेग भरावी लागते.

पिअर कॅप झाडून घेतल्याशिवाय बेअरिंगबद्दल काहीही लिहू नका. रबरी बेअरिंगच्या बाजू फुगल्यात का, आडव्या चिरा आहेत का, ते जागेवरून सरकलंय का, हे चारही बाजूंनी बघा. वरची आणि खालची कड यांतलं आडवं अंतर मोजा; ते रबराच्या एकूण जाडीच्या 0.7 पटीपलीकडे गेलं असेल तर बेअरिंग थकलंय. मोजताना तापमान लिहायचंच. 30 मीटरचा गर्डर 15 अंशांच्या फरकाने पाच-साडेपाच मिलिमीटर हलतो. तापमान लिहिलं नसेल, तर मे आणि ऑक्टोबरच्या मापांची तुलना करता येत नाही. रोलर बेअरिंग गंजून जाम झालं असेल, तर ही हालचाल पिअर कॅपच्या काँक्रीटवर येते आणि कॅपची कड फुटते. नुसती कड दुरुस्त केलीत तर ती पुन्हा फुटणार.

भेग कशी वाचायची

गर्डरच्या मध्यावर, तळापासून वर चढणाऱ्या उभ्या भेगा वाकण्याच्या. साध्या आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) गर्डरला त्या 0.3 मिमीच्या आत असल्या तर चालतात. खाऱ्या हवेत मात्र 0.2 मिमीचीच मर्यादा धरा. टेकूजवळची तिरपी भेग कापाच्या ताणाची, ती कधीच किरकोळ समजू नका. सळईच्या रेषेत धावणारी आणि कडेला तांबूस डाग असलेली भेग गंजाची. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो. प्रीस्ट्रेस्ड गर्डरचं गणित वेगळं आहे: त्याला वाकण्याची भेग यायलाच नको. केबलच्या मार्गावर किंवा अँकरेजपाशी (केबलचं टोक जखडलेलं असतं तिथे) भेग दिसली तर वरिष्ठांना त्याच दिवशी दाखवा.

भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. पुढच्या वेळी ती खूण ओलांडून गेली असेल, तर भेग जिवंत आहे. जिवंत भेगेत इपॉक्सी भरून उपयोग होत नाही, शेजारी नवी उघडते.

मग हातोडी. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजणारा भाग खडूने आखा आणि त्याचं क्षेत्रफळ लिहा. पाइलवर कालवं चिकटलेली असतात. भरतीच्या पट्ट्यात ती खरवडल्याशिवाय खालचं काँक्रीट दिसतच नाही. गंजाला ओल आणि हवा लागते, मिठाने तो वेगाने वाढतो, आणि ही तिन्ही याच पट्ट्यात आणि त्याच्या वरच्या शिंतोड्यांच्या भागात एकत्र भेटतात.

चाचण्या

कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कलीपणा जाणं) तपासायला ताज्या फोडलेल्या, धूळ झटकलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंगदर्शक द्रावण शिंपडा. गुलाबी झालेला भाग ठीक, रंग न आलेला भाग सळईला आता वाचवत नाही. रंग न आलेल्या भागाची खोली कव्हरमीटरच्या (सळईवर किती काँक्रीट आहे ते मोजणाऱ्या यंत्राच्या) मापाशेजारी लिहा. रिबाउंड हॅमरवर (ठोक्याच्या उसळीवरून ताकद सांगणाऱ्या यंत्रावर) एकट्यावर विसंबू नका: कार्बोनेट झालेला पृष्ठभाग कडक होतो आणि खरी ताकद असते त्याहून जास्त आकडा देतो. हाफ-सेलमध्ये (सळईचं विद्युत विभव मोजणाऱ्या चाचणीत) कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे रीडिंग आलं, तर गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त. मात्र सतत पाण्याखाली असलेल्या काँक्रीटमध्ये ऑक्सिजन पोचत नसल्याने गंज नसतानाही रीडिंग फार उणे येतं. तिथे क्लोराइडचे नमुने घ्या, दर 20-25 मिमी खोलीला एक, सळईच्या मागेपर्यंत.

पॅच मारायची वेळ आली तर सळईच्या मागे 20-25 मिमीपर्यंत काँक्रीट काढून सळई चकचकीत करून घ्या. नुसतं प्लास्टर लावलं तर गंज आत चालूच राहतो. शिवाय खारावलेलं काँक्रीट आजूबाजूला शिल्लक राहिलं, तर नव्या पॅचच्या कडेची जुनी सळई आणखी वेगाने गंजते.

नोंद

‘गर्डरला भेगा’ असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. असं लिहा: ‘ठाण्याकडून स्पॅन 4, समुद्राच्या बाजूने गर्डर 2, तळाला, पिअर 4 पासून 6.2 मी., सळईच्या रेषेत भेग, लांबी 1.4 मी., रुंदी 0.4 मिमी, तांबूस डाग, बद्द आवाज 0.3 चौ.मी., 31 अंश.’ फोटोत पट्टी ठेवा. मोजणी कुठून सुरू केली ते पहिल्याच पानावर नोंदवा, नाहीतर पुढचा माणूस नवी मुंबईकडून मोजेल आणि भलताच गर्डर उघडेल.

टेकूजवळ नवी तिरपी भेग, बेअरिंगवरून घसरलेला गर्डर, लोंबकळणारा स्पॅन किंवा कललेला पिअर दिसला, तर अहवाल पूर्ण व्हायची वाट बघू नका. जागेवरूनच कार्यकारी अभियंता आणि वाहतूक पोलिसांना फोन करा, त्या स्पॅनवरची अवजड वाहनं थांबवून घ्या. फोटो आणि मापं त्यानंतर पाठवा.