भारित सरासरीचं गणित सोडवताना या चुका टाळा

एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सीसॅटला, म्हणजे कल चाचणीच्या पेपरला, 80 प्रश्नांसाठी 120 मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. या घाईत भारित सरासरीचं (म्हणजे कोणता आकडा किती प्रमाणात आला, हा ‘भार’ धरून काढायच्या सरासरीचं) गणित आलं की मुलं दोन आकड्यांची बेरीज करतात, दोनाने भागतात आणि पुढे जातात. मिळालेलं उत्तर बहुतेक वेळा पर्यायांत असतंही, कारण आपण कुठे घसरणार हे पेपर काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून पर्यायात सापडलं म्हणजे बरोबर आलं, असं मुळीच धरू नका.

भार चुकीच्या गोष्टीचा धरणं

सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. समजा, देवगडच्या एका बागायतदाराने हापूसच्या पाच डझनी 10 पेट्या 600 रुपये डझनाने विकल्या आणि चार डझनी 10 पेट्या 780 रुपये डझनाने. (चार डझनीतलं फळ मोठं, म्हणून भाव चढा.) डझनाला सरासरी किती भाव मिळाला?

दोन्हीकडे पेट्या सारख्याच, म्हणून 690 हे उत्तर पटकन सुचतं. ते चूक आहे. भाव डझनाचा दिलाय, तेव्हा भारही डझनांचाच धरायला हवा. 50 डझनांचे झाले 30,000 आणि 40 डझनांचे 31,200. एकूण 61,200 भागिले 90, म्हणजे 680 रुपये. हाच प्रश्न ‘पेटीमागे सरासरी किती मिळाले’ असा असता, तर 20 पेट्यांनी भागून 3,060 आले असते.

दर ज्याच्यामागे सांगितलाय, तोच भार. रुपये किलोमागे असतील तर किलो, किलोमीटर तासामागे असतील तर तास. पेन उचलण्याआधी एवढं एक ठरवा, पुढचं गणित पाचवीच्या पोरालाही येईल.

वेगाच्या गणितात हेच लपलेलं असतं. चिपळूणहून निघालेली गाडी 120 किलोमीटर जाताना ताशी 60 ने गेली आणि त्याच वाटेने येताना ताशी 40 ने आली. सरासरी 50 नाही. जायला 2 तास, यायला 3. 240 भागिले 5, म्हणजे ताशी 48. दोन्ही वेगांनी गाडी सारखाच वेळ चालली असती, तरच 50 आले असते.

मासळीच्या गणितात शब्द नीट वाचा. 200 आणि 300 रुपये किलोचे बांगडे ‘सारख्याच वजनाचे’ घेतले तर सरासरी 250. ‘सारख्याच पैशांचे’, म्हणजे प्रत्येकी 1,200 रुपयांचे घेतले, तर 6 किलो आणि 4 किलो मिळतात, आणि सरासरी येते 240.

ॲलिगेशनचं गुणोत्तर उलटं लिहिणं

ॲलिगेशन म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांवरून दोन मालांचं प्रमाण काढायची रीत. वरच्या आंब्यांचंच घ्या. 600 पासून 680 चं अंतर 80, आणि 780 पासून 100. स्वस्त आणि महाग मालाचं प्रमाण 80:100 नाही, तर तिरकं घेऊन 100:80, म्हणजे 5:4. सरासरी ज्या भावाकडे झुकलेली असते, तो माल जास्त. उत्तरावर खूण करण्याआधी नुसती नजर टाकली तरी उलटापालट पकडता येते. सरासरी दोन्ही भावांच्या दरम्यान कुठेतरी पडलीच पाहिजे, नाहीतर आकडेमोडच चुकलीय.

नसलेली माहिती गृहीत धरणं

एका शाळेचा निकाल 90 टक्के, दुसरीचा 60. दोन्ही मिळून किती? मुलं किती हे दिलेलं नाही, तर उत्तर 75 नाही, ‘माहिती अपुरी’ आहे. पण इथे दुसऱ्या टोकाला जाणारेही खूप. पहिल्या शाळेत दुसरीच्या दुप्पट मुलं बसली, एवढंच सांगितलं असेल, तरी माहिती पुरेशी आहे: 90 दोनदा, 60 एकदा, भागिले तीन, म्हणजे 80 टक्के. मुलांची नेमकी संख्या लागतच नाही.